कॅमेऱ्यात बघू नका, काका

लग्नाचे फोटो काढणाऱ्यालाच "हार धरून उभे राहा, इकडे बघा, हसा" असं म्हणायची लाज वाटत असेल, तर त्याने धंदा करावा कसा? अच्युत देवपुजारीला हा प्रश्न कधी पडला नाही. चंदिगड, मोहाली, पंचकुला आणि झिरकपूरच्या मॅरेज पॅलेसांमध्ये गेली बारा वर्षं तो कँडिड फोटो काढत होता आणि बऱ्यापैकी नावारूपाला आला होता. कँडिड म्हणजे लग्न आपल्या गतीने चालू द्यायचं, आपण खांबाआड नाहीतर कनातीला चिकटून उभं राहायचं, आणि माणसं आपल्याला विसरली की त्यांना टिपायचं. स्टेजवर मामा-मावश्यांची रांग लावून फोटो काढायला वेगळा माणूस असायचा. त्याच्याकडे अच्युत जरा वरूनच बघायचा. हे काही शोभणारं वागणं नव्हतं, पण हातात कला आली की माणसाला एवढा माज चढतोच.

त्याचे नियम दोनच होते. पहिला, कुणालाही काही करायला सांगायचं नाही आणि कशात हात घालायचा नाही. रडणाऱ्याला रुमाल द्यायचा नाही, घसरणारा फेटा सावरायचा नाही. दुसरा, समोरच्याने कॅमेऱ्यात बघितलं की फोटो वाया गेला. मग कॅमेरा खाली घ्यायचा, पाठ फिरवायची आणि तिथून चालू पडायचं, म्हणजे तो माणूस पुन्हा आपल्या तंद्रीत जातो. हा दुसरा नियम इतका अंगवळणी पडला होता की नजरानजर झाली की अच्युतची मान आपोआप वळायची. भाजीवाल्याशी बोलतानाही हा तिसरीकडेच बघतो, असं त्याची बायको गिरिजा म्हणायची.

सेक्टर 34 मध्ये एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर त्या दोघांचा स्टुडिओ होता. फोटो अच्युतने काढायचे आणि हजारोंतून निवडायचे गिरिजाने, अशी वाटणी होती. दारासमोरच्या भिंतीवर एकच मोठा फोटो होता: मंडप रिकामा झाल्यावर लेकीच्या विसरलेल्या चपला मांडीवर घेऊन बसलेला एक सरदारजी. निम्मी कामं अच्युतला त्या एका फोटोवर मिळाली असतील. "आई चारचौघांत रडते, बाप कनातीमागे जाऊन बसतो. त्याला शोधावं लागतं," असं तो नव्या गिऱ्हाइकांना सांगायचा आणि गिऱ्हाइकं माना डोलवायची. हे खोटं नव्हतं. पण सारखं सारखं सांगून ते पाठ झालं होतं, आणि पाठ झालेल्या गोष्टीचा माणूस पुन्हा विचार करत नाही.

हा अच्युत मूळचा यवतमाळचा. अठरा वर्षांपूर्वी मोहालीत सेक्टर 67 च्या औषधशास्त्राच्या संस्थेत शिकायला आला, तेव्हा मेसच्या राजम्याने त्याचे गाल आत गेले होते. मराठी मंडळाच्या गणपतीत महाप्रसाद वाढणाऱ्या एका धिप्पाड माणसाने त्या गालांकडे बघितलं आणि विचारलं, "लेका, शेवटचं पोटभर कवा जेवला होतास?" हे विश्वनाथ चौगुले. मूळचे इचलकरंजीचे. तरुणपणी लेथवर काम करायला इकडे आले आणि पुढे इंडस्ट्रियल एरियात फेज टूला त्यांनी स्वतःचा छोटा कारखाना काढला. ट्रॅक्टरचे बुश, म्हणजे आसावर बसणाऱ्या धातूच्या कड्या, बनवायचे. त्या रविवारी ते अच्युतला सेक्टर 46 मधल्या घरी घेऊन गेले. सुजाताकाकूंनी ताट वाढलं, आणि तेव्हापासून रविवारचं दुपारचं जेवण चौगुल्यांकडे हा शिरस्ता पडला. तो निघायला लागला की दारात काकूंचं ठरलेलं वाक्य यायचं, "जेवून जा." जेवून झालेलं असलं तर म्हणायच्या, "पुढच्या रविवारी लवकर ये."

पुढे अच्युतने बद्दीच्या औषध कारखान्यातली नोकरी सोडून कॅमेरा घेतला, तेव्हा त्याचे सख्खे वडील दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. काका एवढंच म्हणाले, "पोटापुरतं मिळतंय न्हवं? मग झालं. आधी पोटोबा." काकांना या जगात दुसरी काळजीच नव्हती असं कधी कधी वाटायचं.

आणि ही काळजी ते तोंडाने बोलून दाखवत नसत. चाळीस वर्षं लेथच्या आवाजात काढल्यामुळे त्यांना हाताने बोलायची सवय लागली होती. कारखान्यात त्यांचा शब्द कुणाला ऐकू जायचा नाही, म्हणून खुणा ठरलेल्या होत्या. मनगट पिरगाळलं की घट्ट कर. पाची बोटं जुळवून दोनदा तोंडाकडे नेली की जेवायला चल. आणि पंजा उघडून हात वर धरला की मशीन बंद कर, असेल ते टाक आणि इकडे ये. हा शेवटचा हात फारसा वर होत नसे. अच्युतने एकदाच बघितला होता, एका कामगाराची बाही पट्ट्यात ओढली जात होती तेव्हा. तो कारखान्याचे फोटो काढायला गेला होता, आणि सगळ्या खुणा काकांनी त्याला हौसेने शिकवल्या होत्या.

काकांची एकुलती एक लेक शिवानी. मोहालीत आयटीत होती, मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं. तिने ऑफिसातल्याच गगनदीपशी लग्न ठरवलं. काका अच्युतला म्हणाले, "तू घरचा माणूस. पाहुण्यासारखा ये, जेव, मिरव. फोटोला दुसरा बघू." अच्युतला ते लागलं. शिवानीचं लग्न दुसऱ्या कुणी टिपायचं ही कल्पनाच त्याला सहन झाली नाही. "काका, तुमच्या घरचं लग्न मीच काढणार," तो म्हणाला. त्याच्या या हट्टाने पुढचं सगळं घडवलं. नुसता पाहुणा म्हणून गेला असता तर त्या दुपारी तो काकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला असता.

मेंदीपासूनच त्रास सुरू झाला. काका समोर आले की त्यांची नजर थेट लेन्सवर, आणि पाची बोटं तोंडाशी. जेवलास का? हळदीला तेच, आदल्या दिवशी गुरुद्वारात तेच. गिरिजा संध्याकाळी फोटो निवडायला बसली आणि हसायलाच लागली. "अच्युत, काकांचे त्रेचाळीस फोटो आहेत. चाळिसांत ते तुला जेवायला बोलवतायत."

अच्युतला हसू आलं नाही. मुलीच्या लग्नातल्या बापाचा एक फोटो त्याच्या डोक्यात कधीपासून होता, आणि हा बाप काही तो काढू देत नव्हता. लग्नाच्या सकाळी झिरकपूरच्या लॉनवर काका फेटा बांधून घेत होते, तेव्हा तो त्यांना जरा तोडूनच म्हणाला, "काका, आज एक दिवस कॅमेऱ्यात बघू नका. मी इथं नाहीच असं समजा. मी जेवीन माझं मी."

काका ओशाळले. दोन्ही कान धरून म्हणाले, "नाय बघत, लेका. बास?"

आणि त्यांनी शब्द पाळला. सव्वाबाराचा मुहूर्त होता. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, पंजाबी मंडळींनी अक्षता जरा जोरातच मारल्या, कन्यादान झालं, पण काकांनी एकदाही लेन्सकडे बघितलं नाही. बघायचं नाही म्हणून ते इतके जपत होते की अच्युत समोर आला की मान खाली घालत. अच्युतला समाधान वाटलं. सांगितलं की ऐकतात बिचारे, असं त्याच्या मनात आलं.

पावणेदोनच्या सुमाराला मंडळी जेवणाकडे वळली. गगनदीपच्या मित्रांनी ढोलवाल्याला गाठलं होतं. अच्युत भांगड्याच्या दिशेने निघाला होता, तेवढ्यात त्याला लॉनच्या टोकाला काका दिसले. पांढऱ्या कनातीला लागून खुर्चीत एकटेच बसले होते. फेटा काढून गुडघ्यावर ठेवलेला. एका हाताने उपरण्याने तोंड पुसत होते, मग तोच हात डाव्या खांद्यावरून कोपरापर्यंत सावकाश फिरवत होते. मागे कनातीतून डिसेंबरचं ऊन गाळून येत होतं. लेक परक्या घरी निघालेला बाप, जसा त्याने दहा वर्षं गिऱ्हाइकांना सांगितला होता तसा, हुबेहूब समोर बसला होता.

अच्युत जागच्या जागी थांबला. खोटं कशाला सांगा, त्याला आनंद झाला. त्याने लांबची लेन्स चढवली, पंचवीस-तीस पावलांवरून काका पूर्ण चौकटीत घेतले आणि श्वास रोखून एकेक फोटो काढत राहिला. तोंड पुसताना. हात चोळताना. डोळे मिटून मान मागे टाकताना. काका थकलेत, असं त्याच्या मनात आलं. मुलीच्या आठवणी दाटून आल्यात, असंही आलं. औषधशास्त्र शिकलेल्या माणसाच्या मनात जे सगळ्यात आधी यायला हवं होतं, ते आलं नाही. आठ फोटो झाले.

नवव्याला काकांनी मान वर केली, थेट लेन्समध्ये बघितलं आणि हात उचलला.

आलं परत जेवणाचं, अच्युतच्या मनात आलं. सकाळपासून सांभाळलं आणि नेमकं आता. बोटाने बटण दाबलंच होतं. कॅमेरा खाली आला, मान वळली, पाठ फिरली, आणि तो सवयीने ढोलाच्या दिशेने चालू पडला. पुढची दहा-पंधरा मिनिटं त्याने भांगडा टिपला. ते फोटोही चांगले आले.

काकांना आधी बघितलं ते जिलेबीचं ताट घेऊन निघालेल्या वाढप्याने. ते खुर्चीतून घसरून कनातीला टेकले होते. पळापळ झाली, ढोल थांबला, गगनदीपने गाडी काढली. इस्पितळाच्या दारात एका तरुण डॉक्टरने नाडी बघितली, छाती दाबून बघितली, यंत्रं लावून बघितली आणि शेवटी हलक्या आवाजात म्हणाला, "थोड़ा पहले ले आते तो…" वाक्य त्याने पुरं केलं नाही. काकू हातातला हिरवा चुडा बघत उभ्या होत्या. शिवानी मुंडावळ्या बांधलेली तशीच बाकावर बसली होती.

अच्युतने तेव्हा कॅमेरा बॅगेत घातला तो चार दिवस काढला नाही. पाचव्या दिवशी गिरिजाने कार्ड संगणकाला लावलं आणि काही वेळाने त्याला हाक मारली. तिने तो नववा फोटो मोठा केला होता.

मोठा केल्यावर सगळंच दिसत होतं. डिसेंबरात सदऱ्याची कॉलर भिजून गळ्याला चिकटलेली. ओठांचा रंग गेलेला. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ होती. पहिला फोटो एक बेचाळीसचा, नववा एक सेहेचाळीसचा. वाढप्याला ते सापडले तेव्हा दोन वाजून गेले होते.

"तुला बोलवतायत," गिरिजा म्हणाली.

"जेवायला," अच्युत म्हणाला.

गिरिजाने त्याच्याकडे बघितलं. तो पुन्हा म्हणाला, "जेवायलाच बोलवत होते. मला तसंच वाटलं." मग त्याने फोटो लहान केला. रात्रभर त्याला झोप लागली नाही, आणि पुढच्या बऱ्याच रात्री तेच झालं. चार मिनिटं तो त्या माणसाकडे डोळ्यांत तेल घालून बघत होता. सगळ्या लॉनवर काकांकडे तेव्हा कुणी बघत असेल तर तोच.

हे त्याचं त्याच्याजवळ राहिलं असतं. जगात अशा गोष्टी माणसं पोटात ठेवून ऐंशी वर्षं जगतात. पण चौगुल्यांच्या घरात दुसरंच चाललं होतं. लग्नाच्या सकाळी काका काकूंना म्हणाले होते, "छातीत जळजळतंय गं." काकूंनी त्यांना ॲसिडिटीची गोळी दिली होती आणि वर म्हणाल्या होत्या, "आज लेकीचं लग्न. आज दवाखान्याचं नाव काढू नका." एवढंच. घरोघरी बायका असंच म्हणतात. पण इचलकरंजीहून काकांची बहीण शालिनीआत्या आल्या, त्यांना हे कळलं, आणि तेराव्यापर्यंत ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला कळलं. आत्या दुष्ट नव्हत्या. पाठचा भाऊ गेला होता आणि त्यांना कुणावर तरी रागवायचं होतं. काकू उलट बोलत नव्हत्या. भेटायला येणाऱ्याला त्या स्वतःच गोळीची गोष्ट सांगायच्या, सगळी, पहिल्यापासून. गोळ्यांचं ते पाकीट त्यांनी टाकलं नव्हतं. देवापाशी ठेवलं होतं.

"सांगायला हवं मला," अच्युत गिरिजाला म्हणाला.

"सांगून काय होणार?" ती म्हणाली. "काका येणार नाहीत. काकूंचा नवरा गेला, आता तूही जाशील. आणि तुला तरी दुसरं घर कुठे आहे या गावात?" ती त्याच्या भल्याचंच बोलत होती. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

महिना व्हायच्या आत काकूंचा फोन आला. घरात काकांचा धड फोटो नव्हता. तेराव्याला हार घातला तो आधार कार्डावरचा मोठा केलेला, धुरकट. "फेट्यातला एखादा चांगला असला तर आण," काकू म्हणाल्या. "रविवारी ये."

तो लॅपटॉप घेऊन गेला. धुकं अकरापर्यंत उठलं नव्हतं. लॅपटॉपच्या पडद्यावर दोन फोल्डर होते. एकात मुहूर्ताचे फोटो, एकात ते नऊ. कुठलं उघडायचं हे त्याने ठरवलं नव्हतं, किंवा ठरवलं होतं आणि स्वतःला सांगितलं नव्हतं. शिवानी माहेरी आली होती, ती आईजवळ पलंगावर बसली. आत्या खुर्चीत वाती वळत होत्या. स्वयंपाकघरात आमटीला फोडणी बसल्याचा वास येत होता.

त्याने पहिलं फोल्डर उघडलं. अंतरपाटामागे उभे असलेले काका, डोळे खाली, फेट्याचा तुरा सरळ. काकू बराच वेळ बघत राहिल्या. "हा चांगलाय," त्या म्हणाल्या. "कसे शांत दिसतायत." काम झालं होतं. लॅपटॉप मिटला असता, ताट आलं असतं, आणि रविवार आजवरच्या रविवारांसारखा गेला असता.

"शांत कसला," आत्या वाती वळता वळता म्हणाल्या. "छातीत आग पडली होती त्याच्या. सांगितलं होतं त्यानं. ऐकणारं कुणी पाहिजे न्हवं."

काकूंनी मान हलवली. "माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "ऐकलं असतं तर आज…" आणि त्यांनी गोळीची गोष्ट पुन्हा सुरू केली. अच्युतला ती पाठ होती. सकाळी साडेसात, हिरवं पाकीट, पाण्याचा तांब्या. काकूंचा आवाज चढत नव्हता की उतरत नव्हता. शिवानी म्हणाली, "मम्मा, बस करो," तरी त्या थांबल्या नाहीत.

"काकू," अच्युत म्हणाला. "तुमचं नाही चुकलं. माझं चुकलं."

मग तो बोलत गेला. काका कनातीपाशी बसले होते, मी बघत होतो. घाम पुसत होते, डावा हात चोळत होते, मी फोटो काढत होतो. चार मिनिटं. मला वाटलं, शिवानी जाणार म्हणून हळवे झालेत. मी पंचवीस पावलांवर होतो, काकू. त्यांनी माझ्याकडे बघून हात केला, आणि मी पाठ फिरवून भांगड्याकडे गेलो. मीच त्यांना सकाळी बजावलं होतं, कॅमेऱ्यात बघू नका. मला वाटलं, जेवायला बोलवतायत.

आत्यांचा हात थांबला. शिवानी म्हणाली, "दादा, आप वहीं थे?" त्याने मान हलवली. तिने पुन्हा विचारलं, "पापा ने देखा आपको जाते हुए?" याचं उत्तर त्याने स्वतःलाही दिलं नव्हतं. त्याची मान आपोआप वळली, आणि तिला ते पुरलं. ती उठून आतल्या खोलीत गेली.

काकू स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे दीड वाजून गेला तरी होते. बसलेले होते." त्यांनी छातीवर हात ठेवला. "इतके दिवस मला वाटत होतं, मीच." त्यांचे खांदे जरा खाली आले. महिनाभर उचलून धरलेलं काहीतरी त्यांनी खाली ठेवलं, हे अच्युतला दिसलं, आणि आपण केलं ते बरोबर केलं असं क्षणभर त्याला वाटलं.

"दाखव," काकू म्हणाल्या.

"नको, काकू."

"दाखव मला."

त्याने नववा फोटो उघडला. काकूंनी चष्मा पुसला आणि लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला. त्या चेहऱ्याकडे बघत होत्या, मग हाताकडे. आत कुकरची पहिली शिट्टी झाली.

"जेवायला बोलवतायत असं वाटलं तुला," काकू म्हणाल्या.

"हो."

"जेवायला बोलवताना ह्यांचा हात असा नसायचा, अच्युत." त्यांचा आवाज मऊच होता. त्यांनी स्वतःची पाची बोटं जुळवली आणि दोनदा तोंडाकडे नेली. "असा असायचा. अठरा वर्षं बघितलायस तू." मग त्यांनी पडद्यावरच्या काकांच्या पंजावर बोट ठेवलं. पंजा उघडा होता, बोटं ताठ पसरलेली. "हा मशीन बंद करायचा हात आहे."

अच्युतने फोटोकडे बघितलं नाही. त्याला बघायची गरज नव्हती. स्टुडिओत गिरिजाने तो पहिल्यांदा मोठा केला तेव्हाच त्याला तो पंजा ओळखू आला होता. जेवायला, असं त्याने तेव्हा दोनदा म्हटलं होतं ते त्यासाठीच.

काकूंनी लॅपटॉप मिटला आणि त्याच्याकडे सरकवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या देवापाशी गेल्या, गोळ्यांचं पाकीट उचललं, कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. आत्याही उठल्या आणि त्यांच्यामागून गेल्या. दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. भाऊ गेल्यापासून आत्या भावजयीशी साधेपणाने बोलल्या त्या बहुधा पहिल्यांदाच.

अच्युत बॅग खांद्याला लावून दारात आला. बुटात पाय घातले, नाड्या बांधायला खाली वाकला. आत फळीवरून ताटं काढल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन. कुकरची शेवटची शिट्टी होऊन गेली. त्याने बांधलेल्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या, सावकाश, आधी डावीची, मग उजवीची. पाटावर वाटी ठेवल्याचा आवाज आला, कुणीतरी नळ बंद केला. दार उघडंच होतं आणि स्वयंपाकघर तिथून दहा पावलांवर होतं. तो आणखी थोडा वेळ वाकून राहिला.

कुणी काही म्हणालं नाही. मग तो उठला आणि दार हलकेच ओढून घेऊन निघाला.